अवसेला घासलेले दिवे

आमच्या गाडीचे दिवे मी बिघडवले, हे आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर आमचे हे चारचौघांत तिखटमीठ लावून सांगतील. सगळी सोसायटी ह्यांना भाऊ म्हणते. नवऱ्याला मी भाऊ कशी म्हणणार, म्हणून गेली त्रेचाळीस वर्षं समोर ‘अहो’ आणि पाठीमागे ‘हे’.

गाडी चौदा वर्षांची. डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी जुनी, झाकलेलं पार्किंग नाही, आणि आमच्या वाट्याला आलेली जागा अशी की गाडीचं तोंड पश्चिमेला. रोज दुपारचं ऊन सरळ दिव्यांवर. आधी ते पिवळट झाले, मग धुरकट, आणि शेवटी तर शिळ्या ताकासारखे. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. दिवसा गाडी मी चालवते. भाजी, बँक, दवाखाना. अंधार पडला की स्टिअरिंग ह्यांच्याकडे, असा आमच्या घरातला कायदा. तो कुणी केला ते विचारू नका.

आणि अंधार पडल्यावर जायचं ठिकाण एकच होतं, शहाड. तिथे माझी थोरली बहीण राहते, शालनताई. बाहत्तर वर्षांची आहे आणि अजून घरात पाळणाघर चालवते. दिवसभर सात-आठ पोरं तिच्या अंगाखांद्यावर. शेवटचं पोर संध्याकाळी सहाला घरी जातं, तेव्हा कुठे बाई मोकळी होते. म्हणून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी जायचो. ताई, तिच्या शेजारची तुळसा, हे आणि मी. मेंढीकोटला चार माणसं लागतात आणि ती चार माणसं आम्ही होतो. दश्श्या पकडायच्या, भांडायचं, पिठलंभात खायचा आणि नऊच्या आत घरी. दहा-बारा वर्षं हे चाललं. शनिवार होता म्हणून माझे बाकीचे सहा दिवस गोड होते, हे मी जराही न वाढवता सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी परत येताना ह्यांनी गाडी कचकन थांबवली. मला डुलकी लागली होती. दचकून विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “दिव्यांचा उजेडच पडत नाही. ह्या दिव्यांवर अंधाराची गाडी काढायची नाही आता.” झालं, तेव्हापासून शनिवार बंद. मी म्हटलं, मग मी चालवते. म्हणाले, “ह्या दिव्यांत? तू?” आता ह्यांची सगळी नोकरी ठाण्याच्या एका कंपनीत, ड्रॉइंग ऑफिसात गेली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेने सांगायचे, आणि मोजला की तो बरोबर निघायचा. उजेड आणि नजर ह्या विषयांत मी ह्यांच्याशी वाद घालत नाही. दिवे बदलू म्हटलं तर “त्या मॉडेलचे मिळत नाहीत”, पॉलिश करून घेऊ म्हटलं तर “पावसाळा जाऊ दे”. असे दोन पावसाळे गेले.

रिक्षाने जाऊन पाहिलं. दोनदा बदलायची, गुडघे बोलायला लागतात, आणि परतताना डोंबिवली म्हटलं की शहाडचा रिक्षावाला मान फिरवतो. शिवाय एकटी जाऊन काय करणार? तिघांत मेंढीकोट होत नाही.

आणि मग ह्या आषाढात, मंगळवारी, ताईचा फोन आला.

“मंदा, तुमची वाट बघून माझे पत्ते जुने झाले. तुळसाचा दीर विश्राम आणि त्याची बायको बसायला तयार आहेत. ह्या शनिवारी तुम्ही दोघं आलात तर ठीक, नाहीतर तुमची जागा त्यांना दिली.”

“ताई, अगं गाडीचे दिवे…”

“दोन वर्षं तेच ऐकतेय. दिवे काय चंद्रावरून यायचेत?” आणि ठेवला फोन.

ताईने एकदा बोललेलं मागे घेतलंय असं मी जन्मात पाहिलेलं नाही. मला रडू आलं. सदुसष्टाव्या वर्षी पत्त्यांच्या डावासाठी रडते म्हणून हसायचं तर हसा, पण आलं.

गुरुवारी दिव्यांची अवस होती. हल्ली लोकांना ही अवस भलत्याच कारणासाठी आठवते, पण आमच्या घरी तिचं काम ठरलेलं. घरातले झाडून सगळे दिवे बाहेर काढायचे, घासायचे, पाटावर मांडून पूजा करायची आणि कणकेचे गोड दिवे उकडायचे. सकाळी समया, निरांजनं, आजेसासूबाईंचा लामणदिवा, सगळं चिंच-मीठ लावून लखलखीत केलं. वाटीत थोडी चिंच उरली होती. सहज खिडकीतून खाली पाहिलं तर गाडी. पाऊस थांबला होता आणि ती बिचारी आपले दोन आंधळे दिवे घेऊन उभी होती.

घरातले झाडून सगळे दिवे म्हणतात. मग हे दोन काय शेजाऱ्यांचे होते?

वाटी घेऊन खाली गेले. चिंचेने काही होईना. मग पितळेची भांडी घासायची पावडर आणली. थोडं निघाल्यासारखं वाटलं. मग मला चेवच आला. वर जाऊन करपलेल्या कढईची तारेची घासणी आणली आणि गोल गोल, दणकून, चाळीस वर्षांच्या सवयीने घासलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि बघते तर काय, दिवे स्वच्छ! आतला बल्ब दिसत होता. मी दोन्ही दिव्यांना हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि वर जाऊन ताईला फोन लावला की शनिवारी येतोय, विश्रामला सांग घरी बस.

तासाभराने दिवे वाळले.

वाळले आणि पांढरेफटक झाले. ती काच नसते, प्लास्टिक असतं, हे मला नंतर कळलं. त्यावर ओरखडेच ओरखडे, कोळ्याने जाळं विणावं तसे, आणि मधोमध माझं हळदकुंकू. मी तिथेच उभी राहिले. शाळेत तीस वर्षं मुलांना उभं केलं, त्याची फेड झाली म्हणायची.

हे खाली आले. वाकून दिव्याला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं आणि वरून बोट फिरवलं.

“कशाने घासलंस?”

मी घासणी दाखवली आणि स्फोटाची वाट बघत राहिले. ह्यांच्या स्टीलच्या मोजपट्टीने मी एकदा धिरडं उलटलं होतं, तेव्हा ह्या माणसाने दोन दिवस अबोला धरला होता. पण हे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे गं. होतं असं कधीकधी. आता ह्याला इलाज नाही, राहू देत तसेच.” आणि वर येऊन चहासुद्धा केला.

त्रेचाळीस वर्षांत माझ्या चुकीवर हे इतकं गोड बोलले नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला संशय आला. संशय कंजूषपणाचा आला, हे कबूल करते. दिव्यांवर खर्च नको म्हणून हा सगळा खांद्यावरचा हात, असं मला वाटलं.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा केदार दिवे बघून आधी मनसोक्त हसला आणि मग म्हणाला, “काकू, विठ्ठलवाडीला दर्शनाकडे न्या. माझ्या गाडीचे तिनेच केलेले, एकदम झकास.” हे म्हणाले, पाऊस आहे. हे म्हणाले, रस्त्याचं काम चाललंय. हे म्हणाले, उगाच अजून बिघडवेल. मी म्हटलं, “माझ्याहून जास्त कोण बिघडवणार?” शुक्रवारी सकाळी नऊला किल्ली घेतली, उरलेले कणकेचे दिवे डब्यात भरले आणि एकटीच निघाले.

दर्शनाचं दुकान म्हणजे स्टेशनपासून जरा आत एक मोठी पत्र्याची शेड. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, ताजा हार, खाली फळीवर बाटल्या आणि पॉलिश पेपरचे गठ्ठे. बाई पस्तिशीची, बाह्या दुमडलेल्या, केस टोपीत कोंबलेले. तिने दिव्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तारेची घासणी ना, काकू?”

“कसं कळलं तुला?”

“गोल गोल मारलंय. भांड्यांचा हात आहे हा.” तिने ओरखड्यांच्या कडेला बोट लावलं. “आणि हे लाल काय?”

“कुंकू,” मी म्हटलं. ती हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

“गेले का गं कामातून?”

“नाय ओ, टेन्शन नका घेऊ. ह्याच्यावर कंपनीचा एक पातळ थर असतो, तो उन्हाने मेलेला ऑलरेडी. तुम्ही मेलेल्याला मारलंत फक्त.”

मी म्हटलं, मलाही करू दे. घाण मी केली, निदान एक दिवा तरी मी निस्तरते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, गुडघ्यांवर बसता येईल का. मी म्हटलं, स्टूल दे.

तिने दिव्यांच्या कडेने पत्र्याला चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाला ओरखडा जायला नको. उजवा दिवा तिने घेतला, डावा मला दिला. पाण्याची फवाऱ्याची बाटली हातात दिली आणि पॉलिश पेपरचे चार तुकडे मांडीवर ठेवले.

“आधी सहाशेचा, मग हजार, मग दोन हजार, मग तीन. पाणी मारत राहायचं. आणि गोल नाय हां काकू, सरळ. ह्या पेपरने आडवं, पुढच्याने उभं. म्हणजे मागच्याचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं. माझ्या बाबांनी शिकवलेलं. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं हाताने पॉलिश केलंय त्यांनी.”

पहिल्या पेपरने दिवा होता त्याहून पांढरा झाला. माझं धाबं दणाणलं.

“अगं, हे तर अजून वाईट झालं!”

“व्हायलाच पाहिजे. सगळीकडून सारखं वाईट झालं की मग चांगलं व्हायला लागतं.”

मी पाणी मारलं आणि दिवा लगेच छान दिसू लागला. माझा चेहरा उजळलेला पाहून तिने फडक्याने तो कोरडा केला. पुन्हा पांढरा. “ओल्यावर जायचं नाय. ओलं असताना सगळेच दिवे छान दिसतात. पुसून बघायचं.” काल सकाळी मला हे कुणी सांगितलं असतं तर विश्रामला घरी बसायचा निरोप तरी गेला नसता.

बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. त्यामुळे गप्पा बंद, आणि मी आपली आडवं-उभं, आडवं-उभं करत बसले. हाताला कळायला लागलं. पेपर आधी खरखरतो, मग गुळगुळीत सरकतो. सरकला की त्या जागेचं काम झालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकं मन लावून मी काही केलं नव्हतं. पाठ दुखत होती, बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

तीन हजारचा पेपर झाल्यावर दर्शनाने मशीनने मलम फिरवलं, आणि दिवा कोरडा असूनही आरपार दिसू लागला. मी पुसून पुन्हा पाहिला. मग तिने त्यावर नवा थर चढवला. तो नसेल तर सहा महिन्यांत पुन्हा पिवळे पडतील म्हणाली. “आता दोन-तीन तास ह्याला पाणी लागायला नको. बसा इथेच.”

मग आम्ही डबा उघडला.

“दिवे खायचे?” ती म्हणाली.

“खायचे. गूळ आहे आत.” तिने तीन खाल्ले.

खाता खाता म्हणाली, “काकू, राग नका मानू, पण हे दिवे एवढे खराब नव्हते. तुम्ही घासायच्या आधीचं बोलतेय मी. कडेला तुमचा हात पोचलेला नाही, तिथे बघितलं ना मी. धुरकट होते, पण उजेड पडत असणार. बल्ब तर मस्त आहेत. ह्याच्यापेक्षा बेकार दिवे लावून लोक नाशिकला जातात.”

“आमचे हे म्हणतात, काही दिसत नाही त्यांत.”

“असं?” ती म्हणाली आणि चौथा दिवा उचलला.

म्हणजे एका सकाळच्या कामासाठी मी दोन वर्षं घरी बसले होते. विठ्ठलवाडीहून डोंबिवलीपर्यंत मनातल्या मनात मी ह्यांना जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. घरी आले तर हे खाली उतरून दिव्यांसमोर उभे राहिले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “अजून पिवळट आहेत जरा.” त्या दिव्यांत माझं तोंड दिसत होतं, आणि ते लाल झालेलं होतं.

शनिवारी सहापासून ह्यांची तयारी चालली होती. छत्री सापडेना. मग पाकीट. मग ढग बघायला गच्चीत गेले आणि खाली येऊन म्हणाले, फार भरून आलंय. मी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे काय, हे ह्यांना ठाऊक आहे. मुकाट चपला घातल्या.

पावणेसातला गाडीत बसलो. ढगांमुळे अंधारून आलेलं. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी. “लावा दिवे,” मी म्हटलं.

ह्यांनी खटका फिरवला आणि समोरची कंपाउंडची भिंत उजेडाने भरून गेली. शेवाळ दिसत होतं. शेवाळावर चढणारी गोगलगाय दिसत होती. डावीकडचा उजेड माझा होता. माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला आणि मला नुसतं मिरवावंसं वाटलं.

“बघा! भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा आता. वाचा ना!”

“येथे कचरा टाकू नये,” हे म्हणाले. “त्यात काय वाचायचंय?”

मी भिंतीकडे पाहिलं आणि मग ह्यांच्याकडे. ‘येथे कचरा टाकू नये’ त्या भिंतीवर पंधरा वर्षं होतं. पण मे महिन्यात कमिटीने भिंत रंगवून घेतली. आता तिथे निळ्या रंगात ‘पाणी जपून वापरा’ असं लिहिलंय. वीतभर उंचीची अक्षरं आहेत.

“अहो,” मी म्हटलं, “पुन्हा वाचा.”

माझा आवाज ऐकून ह्यांना कळलं असावं. पुढे वाकले. डोळे बारीक केले. मग खटका उलटा फिरवून दिवे बंद केले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

“मला दिसत नाही, मंदा.”

मी खांद्याची पर्स काढून मांडीवर ठेवली.

“दोन वर्षं झाली. दिवसा निभतं कसंतरी. पेपर खिडकीत धरला की वाचता येतो. पण समोरून गाडी आली की उजेडाचा नुसता पसारा होतो, त्यात काही म्हणता काही कळत नाही. मोतीबिंदू असणार, दुसरं काय.”

“डॉक्टरकडे गेलात?”

“नाही.”

“का?”

“ड्रॉइंग ऑफिसचा माणूस मी. कुणाला सांगणार, मला भिंत वाचता येत नाही म्हणून? दिव्यांवर ढकललं. दिवे काही बोलत नाहीत.”

मला आधी राग आला, तो सांगते. शंभर शनिवार गेले माझे. ताईच्या हातचं पिठलं गेलं, तुळसाची भांडणं गेली.

“मी चालवते म्हटलं होतं. मला का नाही चालवू दिलीत?”

“तू चालवली असतीस तर विचारलं असतंस, तुम्ही का नाही चालवत.”

खरं होतं, मी विचारलंच असतं. एकदा नाही, रोज विचारलं असतं. शेजारी बसलेल्या त्या माणसाची मला एकदम फार माया आली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक सांगणारा माणूस दोन वर्षं खिडकीत पेपर धरून उभा होता, मी त्याच घरात पोळ्या लाटत होते, आणि मला पत्ता नव्हता. चष्मा माझ्याही नाकावर होताच की.

“उतरा,” मी म्हटलं.

“घरी जायचं?”

“उतरा म्हटलं ना.”

हे उतरले. मीही उतरले, पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि स्टिअरिंगवर बसले. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, दिवे लावले. हे उजेडात उभे होते, हातात छत्री, आणि कुठे जावं ते कळत नसल्यासारखे. मी काच खाली केली. “तिकडून बसा. विश्राम डाव मांडून बसेल नाहीतर.”

पत्री पुलापर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या शेजारी बसून क्लच, ब्रेक, इंडिकेटर काहीच न बोलणं म्हणजे ह्यांना उपासाहून कठीण. उजवा हात मात्र गुडघ्यावर सारखा दाबून धरला होता. समोरून टेम्पो आला की मान खाली घालत होते. मला सगळं लख्ख दिसत होतं. खड्डे, खड्ड्यांतलं पाणी, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या हातातली दुधाची पिशवी. अंधारात गाडी चालवणं इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

शहाडच्या पुलाच्या अलीकडे वळणावर हे म्हणाले, “थांबव जरा.”

रस्त्याच्या कडेला मक्याच्या कणसांची हातगाडी होती. गाडीला दिवा नव्हता. शेगडीतले निखारे तेवढे लाल. मी दिवे चालूच ठेवले. हे उतरून हातगाडीपाशी गेले. कोथिंबिरीची काडीसुद्धा भाव केल्याशिवाय न घेणारा माणूस, काही न विचारता म्हणाला, “सहा दे. लिंबू भरपूर लाव.”

कणसं भाजून होईपर्यंत एक हात हातगाडीच्या लाकडावर ठेवून उभे होते. मग विचारलं, “दिवा नाही लावत रे गाडीला?”

“दिवा कशाला, काका? निखारे आहेत ना. लांबून दिसतात.”

“सगळ्यांना नाही दिसत,” हे म्हणाले. “एक दिवा लाव.”

त्याने मान हलवली, गिऱ्हाईक म्हातारं आहे, बोलतंय, बोलू दे, अशी. हे परत आले आणि गरम कागदाचं पुडकं मांडीवर घेऊन बसले. मी गाडी सुरू केली नाही.

“त्या दिवशी तू झोपली होतीस,” हे म्हणाले. “हाच होता. ह्याच वळणावर, तेव्हा पलीकडच्या कडेला. शेवटच्या क्षणी ब्रेक लागला, चार बोटं राहिली असतील मधे. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्याला कळलंच नाही. मला दोन वर्षं झोपताना रोज ती हातगाडी दिसते.”

मी त्यांच्या गुडघ्यावरचा हात धरला. पावसाचे चार थेंब काचेवर पडले, म्हणून वायपर लावायला मला हात सोडावा लागला.

“सोमवारी जाऊ डॉक्टरकडे,” मी म्हटलं.

“तू ने,” हे म्हणाले.

शालनताई फाटकातच उभी होती. दिवे अंगावर आले तसा तिने डोळ्यांवर हात धरला आणि ओरडली, “अगं बाई, किती उजेड! बंद करा ते!” मग तरातरा उजव्या बाजूला आली आणि काचेशी वाकून म्हणाली, “काय भाऊ, दिवे आले का चंद्रावरून?” स्टिअरिंगवर मला पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. पलीकडून हे कणसांचं पुडकं सांभाळत उतरत होते.

विश्राम आणि त्याची बायको आलेलीच होती. त्यांना कणसं देऊन प्रेक्षकांत बसवलं. हे आणि मी एका बाजूला, ताई आणि तुळसा दुसऱ्या. पहिला डाव आम्ही कसाबसा घेतला. दुसऱ्या डावात बदाम हुकूम होते, आणि ह्यांनी हातातली हुकमाची दश्शी नव्वी समजून खुशाल तुळसाच्या हुकमाच्या एक्क्यावर टाकली. तुळसाने टाळी वाजवली. ताई म्हणाली, “भाऊ, दोन वर्षांत खेळ विसरलात की काय?”

हे पत्ता उचलून ट्यूबलाइटखाली धरून बघत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, तुझ्या ट्यूबला उजेड नाही. किंवा पत्तेच जुने झालेत.

“खेळ नाही विसरलो,” हे म्हणाले. “मला दिसलं नाही. डोळे गेलेत माझे, ताई. सोमवारी मंदा नेतेय दाखवायला.”

सगळ्यांसमोर म्हणाले. ताईने उठून मोठा दिवा लावला आणि ह्यांची खुर्ची त्याच्याखाली ओढली.

तो डाव आम्ही हरलो, पुढचेही दोन हरलो. एरवी हुकमाची दश्शी घालवल्यावर मी घरी पोचेपर्यंत ह्यांना सोडत नाही. त्या दिवशी सोडलं. ऑपरेशन होऊन पट्टी निघाली की मग बघते.